ओढ्याची चाहूल

मृगाचा पाऊस स्थिरावला की पुण्यामुंबईची कुटुंबे इष्टमित्रांसह लोणावळ्याची वाट धरतात. धुके, धबधबे आणि भाजलेली कणसे यांत वर्षाचा शीण विसरतात. परंतु डोंगरातला ओढा दिसतो तेवढाच नसतो. कातळात पाणी फारसे मुरत नाही. माथ्यावर कोसळलेली सर घटकाभरात खाली येते, मग पायथ्याशी थेंबही पडलेला नसो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. त्यांत चार मुले होती. पाणी गढूळ झाले, त्याचा नाद वाढला, की तत्काळ काठ गाठावा. मुलांना वेळीच मागे बोलावणे, हेच सहलीतील वडीलधाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय.