बागेतला पहाटेचा पहारा



स्वागताध्यक्षाने दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात, पाहुण्यांची पंगत आणि स्वतःची जीभ. पंगतीचं गावातल्या आयाबहिणींनी बघितलंय. जिभेची हमी मात्र मला देता येत नाही. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या मास्तरच्या हातात तुम्ही माईक दिलात, तेव्हा थोडं सोसावं लागेल.

इतकी वर्षं वर्गात मी एक चित्र दाखवत आलो. झाडाचा बुंधा, त्यावर दोन पतंग. एक मिरपूड भुरभुरवल्यासारखा पांढुरका, दुसरा कोळशासारखा काळा. इंग्लंडातला हा पेपर्ड मॉथ. मँचेस्टरला काळ्याची पहिली नोंद १८४८ची. कारखान्यांच्या काजळीनं झाडं काळवंडली, पांढुरके पतंग पक्ष्यांच्या डोळ्यांत भरू लागले आणि १८९५पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले. पेशानं डॉक्टर असलेल्या बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ साली बर्मिंगहॅमजवळ आणि १९५५ साली डॉर्सेटच्या स्वच्छ रानात पतंग सोडून हे तपासलं. उत्क्रांती डोळ्यांसमोर घडते, याचा हा सगळ्यांचा लाडका पुरावा.

पुढं त्या पुराव्याला तडे दिसू लागले, आणि ते दाखवणाऱ्यांत पतंगांचाच एक प्रेमी होता. केंब्रिजचे मायकेल मजेरस. १९९८च्या मेलॅनिझमवरच्या, म्हणजे प्राण्यांच्या काळ्या रंगावरच्या, पुस्तकात त्यांनी केटलवेल यांच्या पद्धतीतल्या उणिवा रोखठोक मांडल्या: पतंग दिवसाढवळ्या सोडले, थेट बुंध्यावर बसवले, थोड्या जागेत फार गर्दी केली. तरी मूळ निष्कर्ष बरोबरच आहे, असं मजेरस यांचं मत होतं. पण लोकांनी उणिवांची यादी तेवढी उचलली. ‘नेचर’ नियतकालिकातल्या त्या पुस्तकाच्या परीक्षणात उत्क्रांतीचेच अभ्यासक जेरी कॉइन यांनी हा दाखला आता बाजूला ठेवावा असं सुचवलं. उत्क्रांतीच्या विरोधकांना तर आयतं कोलीत मिळालं. २००२ साली एका पुस्तकानं केटलवेल यांच्या सचोटीवरच बोट ठेवलं. ते १९७९ सालीच गेलेले, उत्तर द्यायला होतेच कुठं?

मजेरस यांना लेख लिहून भांडता आलं असतं. आपल्याकडे तर जाहीर सभाही झाली असती. ते आपल्या घरामागच्या बागेत गेले.

रात्री फांद्यांभोवती जाळीच्या पिशव्या बांधायच्या, आत पतंग सोडायचे, त्यांना हवं तिथं बसू द्यायचं. उजाडण्यापूर्वी जाळी काढायची. सूर्योदयानंतर चार तासांनी कोण जागेवर आहे, कोण गायब, ते मोजायचं. किती पतंग सोडायचे याचंही भान ठेवायचं, गर्दी करायची नाही. दुर्बिणीतून पक्षी टिपतानाही पाहायचे. वटवाघळं रंग बघून भेद करतात का, हेही वेगळं तपासलं. तसा फरक सापडला नाही. २००१ ते २००७ हेच चाललं, ४,८६४ पतंगांवर. शेतकऱ्यानं राखण करावी तसं, फक्त इथं पाखरांना हाकलायचं नव्हतं.

मला स्वतःला त्यातली एक लहानशी नोंद फार आवडते. पतंग दिवसा नेमके बसतात कुठं, हे पाहायला हा प्राध्यापक झाडांवर चढत असे. असे १३५ पतंग सापडले. निम्म्याच्या आसपास फांद्यांवर, तेही बहुतेक खालच्या अंगाला. पण तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त बुंध्यावरच होते. म्हणजे माझं वर्गातलं चित्र अर्धवट होतं, पण अगदीच खोटं नव्हतं. हे कळलं तेव्हा निवृत्ती जवळ आली होती. आधीच्या तुकड्यांची माफी आता कुठं मागू?

१९५६च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर इंग्लंडची हवा निवळत गेली होती, त्यामुळे आता काळ्यांची पाळी होती. पक्षी त्यांनाच जास्त टिपत होते. त्या सात वर्षांत केंब्रिजला काळ्यांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवरून जेमतेम एका टक्क्यावर आलं. २००७ साली उप्सालाच्या परिषदेत मजेरस यांनी हे सांगितलं. सविस्तर निबंध लिहायला मात्र आयुष्य पुरलं नाही. जानेवारी २००९मध्ये, अवघ्या ५४व्या वर्षी ते गेले. त्यांचे आकडे हाताशी घेऊन चार सहकाऱ्यांनी तो २०१२ साली प्रसिद्ध केला, आणि कॉइन यांनीही आपले आक्षेप मिटल्याचं मोकळेपणानं मान्य केलं.

मंडळी, आपण राणी पाकोळीला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला, ठीकच झालं. पण रात्री दिव्यावर येतो तो अजूनही आपल्याकडे ‘किडा’च, आणि त्याच्यासाठी हाताशी झाडू असतो. म्हणून मुद्दाम हा पतंगवाला निवडला.

आता सूचना. जेवण साडेसातला, सोलकढी संपली तर तक्रार माझ्याकडे करावी. आठ वाजता शाळेच्या मागच्या भिंतीवर पतंगांसाठी पांढरी चादर आणि दिवा लागेल. पाऊस आला तर पडवीत. जळवांसाठी मीठ दारातच ठेवलंय. आणि सकाळी चादर झटकू नका हो. आधी मोजायचंय.