राजकारण शिकावे लागते
(विहारातील सभेत एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातील जुने देव गेले, बावीस प्रतिज्ञा मुलांच्याही तोंडी आल्या. परंतु राजकारणाचा विषय निघाला की, "ती घाण आपल्या लेकरांना नको," असे उद्गार आपल्या घरोघरी ऐकू येतात. हा विचार आपण तपासून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

बाबासाहेबांनी १ जुलै १९५६ रोजी मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' ही शाळा सुरू केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा साडेतीन महिने अवकाश होता. विद्यार्थी होते अवघे १५. वकिलास परीक्षा आहे, वैद्यास परीक्षा आहे. मग लोकांच्या पैशावर सही करणाऱ्यास काहीच शिकावे लागू नये काय? ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ती शाळा मार्च १९५७ च्या पुढे चालू शकली नाही.

मी ज्या प्रशिक्षण वर्गास गेले तो ग्रामपंचायतीपुरताच होता. आम्हांस वाटले, भाषणे शिकवतील. पहिल्या दिवशी हाती पडले ते अंदाजपत्रक! घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचा लिलाव, एकेक ओळ वाचावयाची. त्यातच मला समजले की, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च केली पाहिजे. उत्पन्न चार लाख असेल तर हे साठ हजार होतात. आपल्या वस्तीत असे साठ हजार कधी कोणी मोजले आहेत काय?

मग वर्गातच ग्रामसभा भरविली. मी प्रश्न विचारला, सरपंच झालेला मुलगा म्हणाला, "पुढच्या सभेत पाहू." मी खाली बसणार, तोच शिक्षकांनी थांबविले. उत्तर मिळाले नाही तर रागावू नका, प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या आणि लिहिलेले वाचून दाखवावयास लावा, असे त्यांनी सांगितले. तोच प्रश्न मला चार वेळा विचारावयास लावला. चौथ्या वेळी माझा आवाज कापला नाही.

राखीव जागेवर उभे राहणाऱ्यास जातवैधता प्रमाणपत्र लागते, हेही तेथेच कळले. बौद्ध झालात म्हणजे सवलती गेल्या, असे सांगणारे आजही भेटतात. १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. तेव्हा कागदावर आपला धर्म लपवू नका.

आणि भगिनींनो, २०११ पासून महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पुष्कळ ठिकाणी खुर्चीवर बाईचे नाव आणि कारभार नवऱ्याचा, असा प्रकार चालतो. आमच्या वर्गातील एका निवडून आलेल्या ताईंना सहीपलीकडे काही विचारलेच जात नव्हते. अंदाजपत्रक वाचू लागल्यावर त्यांनी पहिली सही नाकारली. घरी दोन दिवस अबोला होता म्हणे!

गेल्या २ ऑक्टोबरला आमच्या गावच्या ग्रामसभेत मी त्या १५ टक्क्यांचा हिशेब मागितला. समाजमंदिराच्या रंगरंगोटीवर खर्च झाल्याचे सांगण्यात आले. त्या भिंतींना रंग लागलेला वस्तीत कोणीच पाहिला नव्हता. मी काही बोलण्याआधीच मागून माझी आई उठली आणि म्हणाली, "पावती दाखवा." पावती निघाली नाही. प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला, तो आम्ही वाचून घेतला. उत्तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत द्यावयाचे ठरले आहे. गणपूर्तीस १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असतील तेवढे लागतात. आमच्या वस्तीतून एकोणतीस नावे आजवर लिहून झाली आहेत, त्यांत सतरा बायका आहेत.