प्रदर्शनाच्या मध्यभागी काय ठेवायचं?





प्लॅस्टिकच्या पुनर्प्रक्रियेवर प्रदर्शन भरलं की आपण डिझाइनर मंडळी बाटल्यांपासून घडवलेली खुर्ची, पिशव्यांचा पडदा, झाकणांचं भित्तिचित्र मांडतो. लोक कौतुक करतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन दह्याचा डबा खरकट्यासकट कचऱ्यात टाकतात. यात दोष त्यांचा नाही. टाकलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, हे आपण त्यांना दाखवलेलंच नसतं. म्हणून मला वाटतं, प्रदर्शनाच्या मध्यभागी खुर्ची नको, सुका कचरा निवडण्याचं टेबल हवं.

त्या टेबलावर पेट या प्लॅस्टिकची एक साधी बाटली ठेवा. तिच्यावर पीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकचं घट्ट वेष्टन असेल तर सगळं बिघडतं. बाटलीचा चुरा पाण्यात टाकला की झाकणाचे तुकडे तरंगतात, पेट तळाशी जातं; पण पीव्हीसीही तळाशीच जातं. दोन्ही एकत्र भट्टीत गेली की पेट वितळण्याच्या तापमानाला पीव्हीसी टिकत नाही. त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो आणि पुनर्प्रक्रियेतून मिळणारा प्लॅस्टिकचा चांगला दाणा खराब होतो. कचरावेचक बाईंच्या हाती बाटली पडण्याच्या कितीतरी आधी, आपल्यापैकी कुणीतरी कागदावर वेष्टन आखलं, तेव्हाच हे ठरलेलं असतं. शाळकरी मुलांना घोषणा शिकवण्यापेक्षा पाण्याच्या बादलीतला हा प्रयोग करू द्या. तो ती विसरणार नाहीत.

याउलट, जपानमध्ये पेट बाटली कशी असावी याचे नियम उद्योगानेच १९९२ साली आखले आणि २००१ मध्ये रंगीत बाटल्या बंद केल्या. लेबलावर फाडण्यासाठी छिद्रांची रेघ आली. घरोघरी झाकण आणि लेबल काढून, बाटली विसळून देण्याची सवय रुजली, कारण लेबल सहज निघत होतं. लोकशिक्षण हवं असेल तर आधी वस्तू त्या शिकवणीला साथ देणारी असावी लागते. नाहीतर जगाचा हिशेब आपल्यासमोर आहेच: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, २०१५पर्यंत साठलेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली.

आणि शिकवणार कोण? पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली. कोणत्या पाकिटाला भंगारात भाव मिळतो आणि कोणतं कुणी उचलतही नाही, हे या कचरावेचक बायकांना ठाऊक आहे. अनेक थरांचं चकचकीत पाकीट त्या बाजूला टाकतात, तेव्हा तो आपल्या कामावरचा अभिप्राय असतो. प्रदर्शनात त्यांनी मार्गदर्शक म्हणून उभं राहावं आणि इथल्या वक्त्यांना मिळतं तेवढंच मानधन त्यांना मिळावं. सत्कार आणि शाल देऊन ही बाब मिटवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

२०१६ साली धारावीत डिझाइनचं एक संग्रहालय चाकांवर, वस्तीतच फिरलं. आपलं टेबलही असंच मंडईत, एसटी स्थानकावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ शकतं. दुपारच्या सत्रात कार्यकारिणीने त्याचा पहिला मुक्काम आणि खर्च ठरवावा. आपण आखलेलं एकेक वेष्टन प्रत्येक सभासदाने त्या टेबलासाठी द्यावं.