हिरवळ आणि कुरण : यंत्र एक कीं दोन ?

गवत तेंच, माती तीच. पण घरापुढच्या हिरवळीवर तें वाढलें कीं मालकाला खटकतें, आणि कुंपणापलीकडच्या कुरणांत तें वाढलें नाहीं तर त्याला चिंता पडते. अमेरिकेंत व इंग्लंडांत गांवाबाहेर दोनचार एकर जमीन घेऊन राहणाऱ्या कुटुंबांची ही नेहमींची अडचण आहे. पुढें अर्धा एकर हिरवळ, मागें दोन घोड्यांपुरतें कुरण, आणि वीस-पंचवीस अश्वशक्तीचा एक लहान ट्रॅक्टर. त्याच्या मागें जोडावयाचें गवत कापण्याचें यंत्र कोणतें घ्यावें ? दोन घ्यावीं तर खर्च दुप्पट. एकच घ्यावें तर तें दोन्हीकडे चालेल कीं दोन्हीकडे अडेल?

या अडचणीचें मूळ इतिहासांत आहे. इ. स. १८३० मध्यें इंग्लंडांतील ग्लॉस्टरशर परगण्यांत एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें हिरवळ कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. लोकरी कापडावरची लव कातरणारें गिरणींतलें यंत्र पाहून त्याला ही युक्ति सुचली असें सांगतात. त्यापूर्वीं हिरवळ राखावयाची म्हणजे पहांटे दंव असतांना लांब दांड्याच्या विळ्यानें गवत कापावयाचें, नाहीं तर मेंढ्या सोडावयाच्या. पुढें १८३३ सालीं अमेरिकेंत ओबेड हसी यानें व १८३४ सालीं सायरस मॅकॉर्मिक यानें पीक कापणाऱ्या यंत्रांचीं पेटंटें घेतलीं. त्यांत करवतीसारखी दातेरी पट्टी मागेंपुढें सरकते आणि उभें ताट बुडाशीं कातरून अखंड आडवें पाडते. एका यंत्राचा हेतु लव कातरण्याचा, दुसऱ्याचा पीक पदरांत पाडण्याचा. हिरवळीचें व कुरणाचें यंत्र असें जन्मतःच निराळें पडलें.

यंत्राकडे वळण्यापूर्वीं गवताचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. गवताच्या पात्याची वाढ शेंड्याला नसून बुडाशीं असते; म्हणूनच जनावरानें चरलें किंवा पात्यानें छाटलें तरी तें पुन्हा फुटतें. परंतु या सोशिकपणालाही मर्यादा आहे. १९५५ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यानें क्रायडर यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असें दिसून आलें कीं, अर्ध्याहून अधिक पाला एकदम काढल्यास मुळांची वाढ थांबते. एका वेळीं उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापूं नये, हा माळ्यांचा नियम त्याच धोरणाचा आहे. हिरवळ साधारणपणें अडीच ते साडेतीन इंचांवर राखतात. कुरणांत चार इंचांचा बुडखा ठेवणें हिताचें असतें. तेव्हां दोन्ही कामें करणाऱ्या यंत्राची उंची सहज व खात्रीनें बदलतां आली पाहिजे, ही पहिली कसोटी.

बाजारांत मिळणारीं जोडयंत्रें मुख्यतः चार प्रकारचीं आहेत. पहिलें हिरवळीचें ‘फिनिश मोअर’. यांत बहुधा तीन आडवीं पातीं वेगानें फिरतात व चार चाकांमुळें कापणी सपाट होते. हिरवळीवर याला तोड नाहीं. पण गुडघाभर गवतांत नेलें कीं तें तुंबतें आणि पट्टे घसरूं लागतात. दुसरें ‘रोटरी कटर’. याचीं दोन जाड पातीं बिजागरीवर सैल असतात, त्यामुळें दगड किंवा खुंट लागल्यास मागें वळतात. झुडपें व माजलेलें गवत तें मोडून काढतें. परंतु कापणी ओबडधोबड होते आणि कापलेल्या गवताचे ढीग पडून खालचें गवत गुदमरतें.

तिसरा प्रकार दातेरी पट्टीचा, म्हणजे हसी-मॅकॉर्मिकचा वारसा. याला शक्ति थोडी लागते आणि ताटें अखंड राहतात. म्हणून वाळवून गंजी रचावयाची असेल तर हाच उत्तम. हिरवळीवर मात्र कापलेलें गवत तसेंच पडून राहतें व दर वेळीं दंताळें घेऊन गोळा करावें लागतें. चौथा प्रकार ‘फ्लेल’. मळणीच्या झोडपणीसारखीं अनेक लहान पातीं एका आडव्या दांड्यावर सैल टांगलेलीं असतात. दांडा फिरला कीं तीं गवत कापून त्याचा बारीक भुगा करतात व तो सारखा पसरतात. मागें रूळ असल्यास उंची नेमकी राहते. झुडपांसाठीं जड हातोडी-पातीं आणि गवतासाठीं इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचीं हलकीं पातीं, अशी अदलाबदल बऱ्याच यंत्रांत करतां येते.

निवड करतांना पहिला प्रश्न गवताच्या उंचीचा नसून, कापलेलें गवत कोठें जाणार हा आहे. त्याचा चारा करावयाचा असेल तर दातेरी पट्टी घ्यावी आणि हिरवळीसाठीं वेगळें साधें यंत्र ठेवावें. येथें एका यंत्राचा हट्ट धरणें म्हणजे चारा गमावणें होय, कारण भुगा झालेल्या गवताची गंजी रचतां येत नाहीं. कुरणांत जनावरें चरतात आणि केवळ उरलेलीं धसकटें व तण छाटावयाचे असतील तर मागें रूळ असलेलें, ‘वाय’ पात्यांचें फ्लेल हेंच दोन्हीकडे चालणारें एकमेव समाधानकारक यंत्र आहे. हिरवळीवर तें फिनिश मोअरइतकें तुकतुकीत काम करणार नाहीं. पण नजरेला बोचणारही नाहीं. रुंदीचा लोभ मात्र नसावा. रोटरी कटरला दर फुटाला सुमारें पांच अश्वशक्ति लागते असा ठोकताळा आहे; फ्लेलला त्याहून कमी धरूं नये. मागच्या दांड्यावर वीस अश्वशक्ति मिळत असेल तर चार फुटांवर थांबावें.

खर्चापेक्षां मोठी बाब सुरक्षिततेची. ट्रॅक्टरचा मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. त्यांत धोतराचा सोगा किंवा बाहीचें टोंक अडकलें तर हात मागें घेण्यास अवधि उरत नाहीं. रोटरी कटरनें उडवलेला दगड शेंकडों फूट जाऊं शकतो. घराजवळ, मुलें खेळतात तेथें, झांकलेलें फ्लेल त्यामानानें कमी धोक्याचें. हिरवळीवरचें ओलें कापलेलें गवत कौतुकानें घोड्यांपुढें टाकण्याची चूकही घडते. घोडीं तें अधाशीपणें खातात, पोटांत तें आंबतें आणि जीवघेणी पोटदुखी उद्भवूं शकते.

गवतांत राहणाऱ्या मुक्या जिवांचाही यांत वांटा आहे. स्कॉटलंड व आयर्लंडमधील कॉर्नक्रेक हा पक्षी गवतांत घरटें करतो, आणि यंत्रानें होणाऱ्या लवकर व जलद कापणीमुळें त्याची संख्या फार घटली. कडेकडून आंत कापत गेल्यास न उडणारीं पिलें मधल्या उरल्या गवतांत कोंडलीं जातात. म्हणून तेथील शेतकऱ्यांना मधून बाहेर कापत जाण्याचा सल्ला देतात. याला वेगळें यंत्र लागत नाहीं कीं अधिक पैसा लागत नाहीं, ट्रॅक्टरचा मार्ग तेवढा बदलावा लागतो. यंत्र कोणतेंही घेतलें तरी तें कोठून सुरू करावें व कोठें थांबवावें, हें चालविणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें.