टिकाऊ वस्तू आणि आपला पिढीजात धंदा
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या व एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही अशा काही वस्तू बंद केल्या. तरीही आपल्या जिल्ह्यातील ओढ्याकाठी काय साचलेले असते, हे मी सांगावयास नको. बंदीने वस्तू थांबेल. तिच्या जागी टिकाऊ काय वापरावे, हे मात्र कारागिरानेच दाखवावयाचे आहे. आपण कासार-तांबट मंडळींनी तरी त्या बाबतीत मागे राहू नये.

१८८४ सालच्या सरकारी गॅझेटिअरात नगरच्या धंद्यांमध्ये साड्या विणण्याबरोबर तांब्यापितळेची भांडी घडविण्याचा उल्लेख आहे. अशी भांडी पिढ्यान्‌पिढ्या टिकत, ती कशामुळे? तांब्याचा पत्रा तापविला की नरम होतो आणि हातोडीच्या ठोक्यांनी पुन्हा कठीण होतो. मठारकाम शोभेचे आहे खरे. परंतु भांड्यास पोचा पडू नये, हा त्याचा मूळ हेतू. काठ वळवून जाड केला म्हणजे तो वाकत नाही. कडी रिबिटाने बसविली म्हणजे झिजल्यावर तेवढीच बदलता येते. चीर पडली तर डाक लावता येतो. भांडे अगदीच निकामी झाले तर मोड वजनावर विकली जाते आणि तोच धातू वितळून पुन्हा कामी येतो. सारांश, घडवितानाच दुरुस्तीचा विचार केलेला असे.

याच्या उलट प्रकारही जगात घडला आहे. १९२४ साली विजेचे दिवे करणाऱ्या बड्या परदेशी कंपन्यांनी संगनमत केले आणि दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले. वस्तू लवकर बिघडावी, अशीही तिची योजना करता येते, ती अशी. फ्रान्सने २०१५ साली असे करणे कायद्याने गुन्हा ठरविले.

परंतु केवळ चांगल्या धातूवर भिस्त ठेवूनही भागत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यास आतून कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो. नवसागराने साफ केलेल्या तापल्या भांड्यावर कथिलाचा पातळ थर देणे, हीच कल्हई. तो थर वापराने झिजतो व पुन्हा द्यावा लागतो. कथील २३२ अंशांवर वितळते, म्हणून साध्या भात्यावर हे काम दारात होत असे. कल्हईवाला येईनासा झाला आणि जाडजूड पातेली प्रथम माळ्यावर व तेथून मोडीत गेली. त्यांच्या जागी आलेले स्टेनलेस स्टीलही टिकाऊच आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पातेली फुटली नव्हती; ती सांभाळणारा हात नाहीसा झाला होता. वस्तूचे आयुष्य त्या हातावरही अवलंबून असते.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पुढील संमेलनाच्या दिवशी आवारात भट्टी लावावी. सभासद कुटुंबांनी घरची भांडी आणावीत आणि योग्य मजुरी देऊन कल्हई करून न्यावीत. ज्ञातीचा माणूस म्हणून फुकट काम मागू नये. पोट भरले तरच कारागीर टिकेल. दुसरे, ज्या वृद्धांच्या हातात ही विद्या अद्याप आहे, त्यांच्याकडे दोनतीन तरुण शिकावयास पाठवावेत व त्यांना मंडळाने विद्यावेतन द्यावे. परीक्षेतील गुणांचा गौरव आपण दरवर्षी करतो. हातोडी धरणाऱ्या मुलाचे नावही त्या यादीत यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.