बिनविरोध निवडीमागील मौन

(शिक्षक कार्यकर्त्यांच्या एका तालुका शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या संघटनांच्या वार्षिक सभांचे वृत्तान्त वाचले, तर एक वाक्य हमखास आढळते : ‘नूतन कार्यकारिणीची निवड बिनविरोध झाली.’ हे वाक्य आपण अभिमानाने छापतो. पूर्ण चर्चेनंतर एकमत झाले असेल, तर तो अभिमान रास्तच आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी हकीकत निराळी असते. अध्यक्ष विचारतात, ‘कोण पुढे येणार?’ सभागृह खाली मान घालते. कोणीतरी म्हणतो, ‘मागचेच मंडळ चालू ठेवा.’ टाळ्या पडतात आणि चहा येतो. अशा निवडीला सर्वसंमती म्हणणे म्हणजे उदासीनतेला एकमताचा पोशाख चढवणे होय. आज मला बोलायचे आहे ते या मौनाविषयी.

आजच्या तरुण शिक्षकाला नोकरीचे जे संरक्षण आपोआप मिळालेले वाटते, त्याला इतिहास आहे. एके काळी खासगी शाळेतील शिक्षकाची नोकरी बव्हंशी संस्थाचालकांच्या मर्जीवर टिकून असे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा. तो नियमावलीसह प्रत्यक्ष अमलात आला १९८१ मध्ये. त्याच सुमारास, डिसेंबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८ या काळात, राज्य सरकारी व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकांनीही केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून ५४ दिवसांचा संप केला. चौपन्न दिवस पगाराविना घर चालवणे म्हणजे काय, हे संसारी माणसाला सांगावयास नको. असा संप केवळ मुंबईतल्या नेत्यांच्या भाषणांवर टिकत नाही. गावोगाव निरोप पोचवणारा, डळमळणाऱ्याला धीर देणारा, वर्गणीचा पैसान् पैसा लिहून ठेवणारा कोणीतरी असावा लागतो. त्याचे नाव इतिहासात येत नाही. पण त्याच्यावाचून इतिहास घडत नाही.

कायदा झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. याच कायद्याने बडतर्फ शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी मुदत घातली ३० दिवसांची. आता आडगावच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाची कल्पना करा. बडतर्फीचे पत्र हाती पडते. आठ दिवस धक्क्यात जातात, आठ दिवस संस्थाचालकांच्या विनवण्या करण्यात, आणखी आठ दिवस ‘साहेबांशी बोलतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाची वाट पाहण्यात. त्या तालुक्यात कायदा वाचलेला एक जरी कार्यकर्ता असेल, तर तो पहिल्याच दिवशी मुदतीची तारीख लिहून देईल. तो नसेल, तर कागदावरचा हक्क कागदावरच राहण्याची भीती आहे. तालुक्याचे रिकामे पद ही शोभेची उणीव नव्हे. त्या रिकामेपणाची किंमत कोणाच्या तरी भाकरीने मोजली जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली; नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर काढावीत, असे ठरले. पुढे १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमल्या जाणाऱ्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. या दोन्ही निर्णयांचा मुख्य भार कोणावर पडला? जे त्या वेळी संघटनेत नव्हते, किंबहुना नोकरीलाच लागले नव्हते, त्यांच्यावर. ज्यांचे हक्क शाबूत होते तेच तेव्हा संघटनांमध्ये होते. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी आठवडाभर संप झाला तो १७ वर्षांनंतर. यावरून धडा असा की, ज्या पिढीचा प्रश्न तिची माणसे कार्यकारिणीत असलीच पाहिजेत. ज्येष्ठांच्या सदिच्छेवर तरुणांचे भवितव्य सोपवणे ज्येष्ठांवर अन्याय आहे आणि तरुणांवरही.

पुढे न येण्याची कारणे मला ठाऊक आहेत. पहिले कारण वेळेचे. निवडणुकीची कामे, जनगणना, नाना प्रकारची माहिती भरणे यांतून शिक्षकाला उसंत नाही, हे खरेच आहे. परंतु या कामांविरुद्ध बोलणार कोण? शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच जनगणना, आपत्ती-निवारण व निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. त्या कलमाचा आग्रह धरायलाही संघटनेत कोणीतरी वेळ द्यावाच लागतो.

दुसरे कारण, ‘तिथे राजकारण फार.’ यातही तथ्य आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. प्राथमिक शिक्षकांना तिथे मत नाही, पण त्या जागांची ओढ अनेकांना आहे. त्या ओढीपायी काही मंडळींनी संघटनेला शिडी केले. मात्र शिडी वापरणाऱ्याला ती मोकळी सापडते, याचे कारण आपण दूर उभे असतो. सज्जनांनी सोडलेली जागा रिकामी राहात नसते.

तिसरे कारण, ‘माझ्यात नेतृत्वगुण नाहीत.’ मित्रहो, नेतृत्वगुण हे जन्मासोबत येत नाहीत. इतिवृत्त लिहिता येणे, शासन निर्णय शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येणे, हिशेब चोख ठेवणे आणि विरोधी मत शांतपणे ऐकणे, एवढे ज्याला जमते तो पदाधिकारी होऊ शकतो. रोज चाळीस मुलांना सांभाळणाऱ्याला हे जमणार नाही, असे कोण म्हणेल?

चौथे कारण कोणी उघड बोलत नाही. प्राथमिक शाळांत इतक्या भगिनी शिकवतात. मग व्यासपीठावर त्या स्वागतगीतापुरत्या का दिसतात? सायंकाळी सातला सुरू होणारी आणि रात्री दहाला संपणारी बैठक, तीही तालुक्याच्या गावी, ही वेळच त्यांना वगळते. त्यांच्यात उत्साह नाही असे म्हणण्यापूर्वी बैठकीची वेळ बदलून पाहावी.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. एका पदावर कोणीही सलग दोन मुदतींपेक्षा अधिक राहू नये. प्रत्येक पदाधिकाऱ्यासोबत पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी झालेला एक सहकारी असावा. त्याने काम शिकावे आणि पुढे ते स्वीकारावे. जमाखर्च वार्षिक सभेत वाचून दाखवावा. इच्छुकांची नावे सभेच्या महिनाभर आधी मागवावीत, म्हणजे आयत्या वेळच्या संकोचाला वाव राहणार नाही. आणि पदावरून उतरलेल्याने साधा सदस्य म्हणून पुढच्या रांगेत बसावे. यात कमीपणा नाही, हे ज्येष्ठांनी दाखवून द्यावे.

शेवटी एक सांगतो. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षकाला प्रशिक्षण मिळावे व पुरेसे वेतन मिळावे ही मागणी होती आणि तो शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, लोकांत मिसळणारा असावा हा आग्रहही होता. शिक्षकाचा पगार आणि बहुजनांच्या मुलांचे शिक्षण यांची त्यांनी फारकत केली नाही. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागवले गेले, तेव्हा तो प्रश्न शिक्षकांच्या पदांचा होता, तसाच वाडीवरच्या मुलीच्या पायपिटीचाही होता. हे दोन्ही एका दमात बोलू शकेल असा पदाधिकारी आपल्याला हवा आहे. तो बाहेरून येणार नाही.

आपण वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो. लोकशाहीत मत देणे हा हक्क आहे, हे मुलांना सांगतो. उमेदवार होणे हेही लोकशाहीतले कर्तव्य असू शकते, हे मात्र आपण स्वतःला सांगत नाही. पुढच्या सभेत अध्यक्ष ‘कोण पुढे येणार?’ असे विचारतील, तेव्हा शेजाऱ्याकडे पाहू नका. हात वर करा. दोन हात वर आले तर निवडणूक होऊ द्या, हरलेल्याला दुसरे काम द्या. त्याने संघटना दुभंगत नाही. ती जिवंत असल्याची ती खूण आहे.