ठराव, जमाव आणि अफवा
(सेनगाव येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



लोकांच्या मनाविरुद्ध लोकशाही चालत नाही, असे सांगणारे गृहस्थ आपणांस नेहमी भेटतील. त्यांस एवढेच विचारावे, की लोकांचे मन मोजले कोणी? मतपेटीने, की रस्त्यावरील आरोळीने?

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव रीतसर संमत केला. सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. ठरावापाठोपाठ मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. मराठवाड्याची अस्मिता बुडाली, पदव्यांचे मोल जाणार, अशी हाकाटी झाली. नाव बदलल्याने कोणाचा एक गुणही कमी होणार नव्हता. पण पेटलेल्या रात्री गुणपत्रिका कोण तपासतो? शासनाने अंमलबजावणी थांबविली. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. ठराव जमावाने अडविला असे म्हणतात. माझ्या मते तो कच खाल्लेल्या शासनाने अडविला.

मग खोट्याचा बंदोबस्त शासनाच्याच हाती सोपवावा काय? केंद्र शासनाने 2023 साली तसा नियम केला. आपल्या कारभाराविषयी इंटरनेटवरील कोणता मजकूर खोटा, हे शासनाचाच कक्ष ठरविणार होता. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी 20 सप्टेंबर 2024 रोजी तो नियम घटनाबाह्य ठरविला. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, तोच पंच! ही रीत आपल्या वाडवडिलांनी गावोगाव भोगलेली आहे. तिची ओळख आपणांस करून देण्याचे कारण नाही.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो, असा इशारा दिला. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाच्या कामकाजाचे स्मरण करून दिले. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम संघास ठाऊक होते. आपण स्वीकारलेल्या धम्मात सभा नियमाने चालत असे, गलक्याने नव्हे.

तेव्हा नियम जाणून घ्या. विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्याविषयी, खोटे आहे हे ठाऊक असून, त्याने किंवा त्याच्या संमतीने प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मजकूर पसरविला, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123 व्या कलमान्वये तो भ्रष्टाचार होय. निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज साधा मतदारही करू शकतो. असे पत्रक हाती आले तर फाडू नका. त्यावर तारीख घाला, कोणी दिले ते लिहा, आणि पेटीत जपून ठेवा.

जय भीम!